ग्रीक राक्षस गेममध्ये शत्रू होतात, तेव्हा त्यांची गोष्ट कुठे जाते?

टिपूर

मी आणि माझा एक मित्र सुट्टीच्या दिवशी बसून एक छोटा गेम बनवतोय. शत्रू सगळे ग्रीक पुराणातले. कोड जमतोय, चित्रंही जमतायत, पण पहिल्याच बॉसपाशी (टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू), म्हणजे हायड्रापाशी, घोडं पेंड खातंय.

हायड्राची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. आर्गोसजवळ लर्नाच्या दलदलीत राहणारा अनेक तोंडांचा साप. अपोलोडोरसच्या नावावर चालत आलेल्या संकलनात त्याला नऊ तोंडं आहेत, आठ मर्त्य आणि मधलं एक अमर. ग्रीक वीर हेराक्लीसने एक तोंड फोडलं की तिथे दोन उगवतात. शेवटी त्याचा पुतण्या आयोलाउस पेटती लाकडं घेऊन येतो आणि तुटलेल्या माना डागत जातो, तेव्हा कुठे उगवणं थांबतं.

आता बघा, या गोष्टीत लढायची रीत आयती लिहून ठेवली आहे. नुसत्या ताकदीने मारत सुटलात तर संकट वाढणार. युक्ती सापडली तरच सुटका. ग्रीक राक्षसांपैकी बरेच असेच आहेत. नीमियाच्या सिंहाच्या कातडीत शस्त्र शिरत नाही, त्याचा गळाच आवळावा लागतो. मेड्युसाकडे बघायचं नाही, बघितलं की दगड. टालोस हा राक्षस अख्खा काशाचा, पण घोट्यापाशी एक खिळा आहे, तो निघाला की संपला.

आणि गेममध्ये काय होतं? बहुतेक वेळा शत्रूचा उरलेला जीव दाखवणारी वरची लाल पट्टी संपेपर्यंत हाणत राहा. टायटन क्वेस्ट (२००६) माझा लाडका गेम आहे, पण सुरुवातीलाच भाले घेऊन धावून येणारे सॅटिर मला कधी पटले नाहीत. मद्याचा देव डायोनिससच्या संगतीत दारू पिऊन नाचणारी ही मंडळी. त्यांच्या जागी साधे दरोडेखोर ठेवले असते तरी लढाईत काडीचा फरक पडला नसता.

तर दोन प्रश्न. कुठल्या गेमने कुठल्या ग्रीक राक्षसाला खरा न्याय दिला असं तुम्हाला वाटतं? आणि आमच्या हायड्राचं काय करू?

लाल_डबा

झकास विषय. जागा पकडून बसलोय, वाचतोय.

रानमेवा

गॉड ऑफ वॉर. पहिला भाग, २००५, पीएसटू. विषय संपला.

नाही, गंमत सोडून लिहितो. गेम सुरू होतो तोच एजियन समुद्रात, वादळात, फुटत चाललेल्या जहाजावर, आणि समोर हायड्रा. त्या काळी आमच्या गावातल्या गेम पार्लरमध्ये हा प्रसंग सुरू झाला की बाकीचे लोक आपला गेम थांबवून मागे उभे राहायचे. लहान तोंडं आधी जायबंदी करायची आणि शेवटी मोठं तोंड मोडक्या डोलकाठीवर भोसकायचं. तुम्ही म्हणता ती उगवणाऱ्या तोंडांची अट त्यात नाही, कबूल. पण आपण केवढे लहान आहोत आणि हे जनावर केवढं मोठं आहे, ही भावना त्या गेमने जशी दिली तशी त्याआधी मला कुठे मिळाली नव्हती. पुराणातल्या राक्षसाचं पहिलं काम भीती घालणं हे आहे. युक्ती नंतर.

दुसरं म्हणजे त्यातल्या गॉर्गन, म्हणजे मेड्युसा आणि तिच्या जातीच्या. त्यांची नजर पडली की गेमचा नायक क्रेटॉस दगड होतो आणि कंट्रोलरवरची काडी गदागदा हलवून कवच फोडावं लागतं. उडी मारलेली असताना दगड झालात तर खाली पडून तुकडे. मेड्युसाचं मुंडकं कापल्यावर तेच शस्त्र म्हणून वापरता येतं, पुराणात तिला मारणाऱ्या पर्सिअसने वापरलं तसंच. म्हणजे गोष्ट अगदीच वाऱ्यावर सोडली होती असं नाही.

अर्धविराम

रानमेवांशी अर्धा सहमत. भव्यता मिळाली, पण त्या मालिकेत प्रत्येक राक्षस शेवटी क्रेटॉसच्या रागाचं खाद्य होतो. सायक्लॉप्सचा डोळा उपटायचा, मिनोटॉरच्या तोंडात तलवार घालायची, हार्पीचे पंख फाडायचे. जनावर वेगळं, पण आपल्या मनात उठणारी भावना तीच.

माझं मत हेडीसला (२०२०). त्यातला मिनोटॉर आठवा. त्याचं नावही नीट वापरलंय, अ‍ॅस्टेरिअस, जुन्या ग्रंथात आहे तसंच. एलिझियममध्ये, म्हणजे मेलेल्या वीरांच्या स्वर्गात, तो भेटतो तो ज्याने त्याला मारलं त्या थीसिअसच्या जोडीने, त्याचा मित्र म्हणून! थीसिअस ढालीआडून बढाया मारत असतो आणि हा बैलमुखी माणूस मोजकं, अदबीने बोलतो. मैदानात पुन्हा भेटलो की तो आपल्या लढण्याची कदरही करतो. मला त्याच्याशी लढायला आवडायचं आणि त्याला हरवल्यावर वाईट वाटायचं. चक्रव्यूहात जन्मभर कोंडलेल्या, ज्याचा स्वतःचा काही दोष नव्हता अशा त्या पोराला कुणीतरी पहिल्यांदा माणसासारखं वागवलं असं वाटलं. दोष राजा मिनोसचा होता. त्याने समुद्रदेव पोसायडनला दिलेला शब्द मोडला आणि बैल ठेवून घेतला. शिक्षा मात्र भलत्यांनाच.

त्याच गेममधली हायड्रा हाडांची आहे, लाव्ह्यात राहते. ठरावीक मार बसला की मुख्य तोंडाला काही होईनासं होतं आणि बाजूने दुसरी तोंडं वर येतात. ती संपवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टिपूर, उगवणाऱ्या तोंडांचा हा एक सोपा तोडगा आहे. तोंडं वाढतात, पण प्रत्येक वाराला नाही, गेमने ठरवलेल्या टप्प्यांवरच.

आणि सर्बेरस, पाताळाचा राखणदार कुत्रा! जुना ग्रीक कवी हेसिअडने त्याला पन्नास तोंडं दिली होती, पुढे ती तीन झाली. या गेममध्ये आपण त्याला कुरवाळतो. अख्ख्या गेमिंगच्या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता कुत्रा.

बोरकूट

सर्बेरसला कुरवाळता येतं एवढ्यावर मी तो गेम विकत घेतला होता. अनुमोदन.

सांजवात

मी स्वतः खेळत नाही. घरात मुलगा खेळतो आणि मी मागे बसून बघते, कारण ग्रीक कला हा माझ्या आवडीचा विषय आहे. मेड्युसाबद्दल थोडं लिहायचं आहे.

सगळ्या गेममध्ये मेड्युसा एकाच छापाची असते: सुंदर बाई, केसांच्या जागी साप, कमरेखाली बहुतेक वेळा सापाचीच शेपटी. ग्रीक लोकांची जुनी गॉर्गन अशी मुळीच नव्हती. कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या मंदिराच्या दर्शनी भागावर, साधारण इसवीसनपूर्व ५८० च्या सुमाराची जी गॉर्गन आहे, ती बघा. गोल थोराड चेहरा, वटारलेले डोळे, सुळे, बाहेर काढलेली जीभ, आणि पळण्याच्या पवित्र्यात दुमडलेले पाय. तिच्या बाजूला पेगॅसस आणि क्रायसाओर, म्हणजे मान कापल्यावर जन्मलेली तिची दोन मुलं, आणि ती मात्र अजून जिवंत. हा चेहरा ढालींवर, भांड्यांवर, मंदिरांवर लावत असत, अनिष्ट दूर राहावं म्हणून. आपल्याकडे मंदिराच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख असतं ना, तेही डोळे वटारून, दात विचकून तेच काम करतं. मी पहिल्यांदा त्या गॉर्गनचं छायाचित्र पाहिलं तेव्हा मला सिन्नरचं गोंदेश्वर आठवलं.

पोसायडनने देवळात अत्याचार केला आणि शिक्षा मेड्युसाला झाली, ही कथा रोमन कवी ओव्हिडने सांगितली. हेसिअडमध्ये शिक्षेचा भाग नाही. तिथे तिघी गॉर्गन बहिणी आहेत आणि त्यातली मेड्युसा तेवढी मर्त्य. गेमवाले ओव्हिडकडून सौंदर्य उचलतात आणि अन्याय तिथेच ठेवून येतात. मग ती फक्त मारायची एक बाई उरते. हे मला खटकतं, मनापासून खटकतं. अत्याचाराची गोष्ट घेणार असाल तर पूर्ण घ्या. नाहीतर जुनी सुळेवाली, रक्षण करणारी गॉर्गन घ्या. तीही काही कमी भीतिदायक नाही.

अर्धविराम, तुम्ही म्हणता त्या हेडीसमध्ये मुलाने मला ड्यूसा दाखवली, घर झाडणारं उडतं गॉर्गन-मुंडकं. लाजरी आणि कामसू. तिला बघून मी खरंच हसले. भीती घालणं सोडून दुसरं काही करू देणारा हा पहिला गेम असावा.

रानमेवा

सांजवात ताई, फार सुंदर प्रतिसाद. कीर्तिमुखाची जोड डोक्यातच आली नव्हती.

एक सुचवू का? असॅसिन्स क्रीड ओडिसीतली (२०१८) मेड्युसा मुलाला लावायला सांगा. ती लेस्बॉस बेटावर आहे, आणि लेस्बॉसवर खरोखरच दगड झालेलं जंगल आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली झाडं. जागा इतकी अचूक निवडली आहे की दाद द्यावी. लढाईत तिची नजर फिरत येते तेव्हा खांबाआड लपावं लागतं. उघड्यावर राहिलात तर हळूहळू दगड होत जाता. नजर म्हणजेच शस्त्र, ही गोष्ट त्यांनी नीट सांभाळली आहे. आणि ती आधी एक साधी बाई होती, तिची वाट बघणारं कुणीतरी आहे, हेही कथेत आहे. 

त्याच गेममध्ये बिओशियात स्फिंक्स आहे. तिच्याशी लढाईच नाही. ती कोडी घालते. चुकीचं उत्तर दिलंत की तिथेच मरण. टिपूर, तुमच्या मुद्द्याला यापेक्षा नेमकं उदाहरण मिळणार नाही.

बोरकूट

जुन्या लोकांनी हात वर करा. १९८६ चा कॅसलव्हेनिया. त्यात मेड्युसा बॉस आहेच, पण खरा जाच तिच्या उडत्या मुंडक्यांचा. लाटेसारखी वरखाली होत येतात, आपण नेमके उडीत असताना धडकतात आणि खड्ड्यात पाडतात. नजर नाही, दगड नाही, नुसता एक लाटेचा मार्ग. तरी चाळीस वर्षांनी लोक त्या मुंडक्यांना शिव्या घालतात. शत्रू लक्षात राहायला गोष्ट लागतेच असं नाही, एवढंच म्हणणं.

शतपावली

पुण्यात एका गेम स्टुडिओत प्रोग्रॅमर आहे, त्यामुळे राहवत नाही. टिपूर यांच्या पहिल्या पोस्टमधल्या ‘नुसती लाल पट्टी का’ याचं उत्तर आमच्या बाजूने देतो.

हायड्रा कागदावर जितकी सुंदर, तितकी बनवायला अवघड. पहिली अडचण: गेममध्ये वार बसला की खेळणाऱ्याला काहीतरी चांगलं मिळायला हवं. आवाज, रक्त, पट्टी कमी होणं. इथे वार बसला की वाईट होतं. म्हणजे गेमने आतापर्यंत जे शिकवलं त्याच्या उलट. ते आधी न शिकवता बॉसमध्ये टाकलं तर खेळणारा वैतागून गेम बंद करतो, आणि तो चूक नाही.

दुसरी: प्रत्येक तोंड हा स्वतंत्र शत्रू असतो. त्याची हालचाल वेगळी, हिटबॉक्स (वार लागू होणारा भाग) वेगळा, आणि हल्ल्याआधी दिसणारी खूण वेगळी. एका वेळी तीन तोंडं हल्ला करू लागली की त्या खुणा एकमेकींवर येतात आणि काहीच वाचता येत नाही. म्हणून आम्ही सहसा आतून एक नियम ठेवतो: एका वेळी फार तर दोघांनी हल्ला करायचा, बाकीच्यांनी डोलायचं. नऊ तोंडं दिसली तरी लढत असतात दोनच.

तिसरी: दुपटीचं गणित. एकाची दोन, दोनाची चार, चाराची आठ. मशीन ते सहन करेल, कॅमेरा करणार नाही. सगळी तोंडं एका चौकटीत दिसायला कॅमेरा मागे न्यावा लागतो, मग आपला नायक मुंगीएवढा होतो.

एज ऑफ मायथॉलॉजीने (२००२) यातून छान वाट काढली होती. तिथे हायड्रा तुमच्या सैन्यातली आहे. तिने शत्रू मारला की तिचं तोंड वाढतं, ताकद वाढते. उगवणं हे बक्षीस झालं! खेळणारा स्वतः हायड्राच्या बाजूला गेला की सगळी अडचण सुटते. टिपूरना ही वाट चालणार नाही, पण विचार करण्याजोगी आहे.

कोकणकडा

शतपावली यांचा प्रतिसाद वाचून रक्तबीज आठवला. इतका वेळ कुणालाच कसा आठवला नाही?

देवीमाहात्म्यातली गोष्ट. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून दुसरा रक्तबीज उभा राहतो. मातृका जितक्या शौर्याने लढतात तितके रक्तबीज वाढतात. शेवटी देवी चामुंडेला सांगते की तोंड पसर आणि रक्त जमिनीवर पडूच देऊ नकोस. देवी वार करते, चामुंडा रक्त पिते. आता लर्नाला परत जा. हेराक्लीस वार करतो, आयोलाउस डागतो. दोन्हीकडे शूराला एकट्याने जमलेलं नाही. दोन्हीकडे दुसऱ्याने येऊन जखमेचा बंदोबस्त केला आहे.

आणि कोड्यासारखे शत्रू आपल्याकडे ढिगाने आहेत. हिरण्यकशिपू: घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, शस्त्राने नाही, अस्त्राने नाही. तेव्हा उंबरठा, संध्याकाळ आणि नखं. जरासंध: उभा चिरला तरी दोन तुकडे पुन्हा जुळतात. मग कृष्ण भीमाला दिसेल अशी एक काडी चिरतो आणि तुकडे उलटसुलट फेकतो. अहो, ही तर गेममधली हिंट झाली! न बोलता, लढाई न थांबवता दिलेली. याहून चांगली हिंट मला कुठल्याही गेममध्ये मिळालेली नाही.

लाल_डबा

मग आपल्या राक्षसांवर गेम का नाहीत? सगळे जण ग्रीकांच्याच मागे का?

शतपावली

आहेत की. राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक (२०२०) पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केला. महाबलासुराच्या सैन्याशी लढणारी मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. त्यातल्या भिंतींवरची चित्रं आणि राजवाडे बघण्यासारखे आहेत. छोट्या टीमने एवढं केलं याचा मला या शहरातला माणूस म्हणून अभिमान वाटतो.

ग्रीकांच्या मागे जाण्याचं कारण माझ्या मते साधं आहे. झ्यूसला मारलं तर आज फारसं कुणी दुखावत नाही. गॉड ऑफ वॉरच्या तिसऱ्या भागात (२०१०) अख्खं ऑलिंपस उद्ध्वस्त केलं, तरी मोर्चा निघाला नाही. आपल्याकडे देवांची रोज पूजा होते. स्माइट नावाच्या गेममध्ये कालीचं जसं रूप दाखवलं त्यावर २०१२ मध्ये जाहीर आक्षेप घेतले गेले होते. जिवंत श्रद्धेशी खेळताना जपून चालावंच लागतं, आणि ते योग्यही आहे. पण राक्षसांबाबत एवढी धास्ती नको. रक्तबीज बॉस म्हणून आला तर त्याची बाजू घेऊन कोण भांडणार?

कोकणकडा

असं समजू नका. महिषासुराला आपला पूर्वज मानणारे असुर आदिवासी झारखंडात आहेत, ते दसऱ्याला शोक पाळतात. बळीराजा तर आपल्याच घराघरात आहे. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणाऱ्या महाराष्ट्रात बळीला शत्रू करून बघा. आपल्याकडचा असुर म्हणजे नेहमी खलनायक असं नसतं, आणि आपल्या गेममध्ये ते यायला हवं.

पाऊलखुणा

अवांतर: ग्रीक देव काही आपल्याला अगदी परके नाहीत बरं का. कोल्हापूरला ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली होती, टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या, दात्यांची नावं खांबांवर कोरलेली आहेत. कोल्हापूरकरांनी मुलांना गेममधला पोसायडन दाखवायचा आणि मग संग्रहालयात न्यायचं.

सायक्लॉप्सवरही थोडं. १९१४ मध्ये ओथेनिओ आबेल नावाच्या ऑस्ट्रियन पुराजीवशास्त्रज्ञाने तर्क मांडला की सिसिलीसारख्या ठिकाणी सापडणाऱ्या बुटक्या हत्तींच्या कवट्या बघून एकडोळ्या राक्षसाची कल्पना आली असावी. सोंडेच्या जागी कवटीत मधोमध मोठं भोक असतं, ते डोळ्याच्या खोबणीसारखं दिसतं. हा तर्कच आहे, पुरावा नाही. पण कवटीचा फोटो बघितलात तर तर्क का सुचला ते लगेच कळतं.

गेममधले सायक्लॉप्स मात्र सगळे सोटा घेऊन धावणारे. होमरचा पॉलिफीमस मेंढपाळ आहे, चीज करतो, त्याच्या गुहेत कोकरं वयानुसार वेगवेगळ्या वाड्यांत ठेवलेली आहेत. आंधळा झाल्यावर तो आपल्या लाडक्या मेंढ्याशी बोलतो. तो भाग वाचताना माणूसखाऊ राक्षसाबद्दल कणव वाटते, ही होमरची ताकद.

अर्धविराम

पाऊलखुणा, मग तुम्हाला हेडीसचा दुसरा भाग आवडेल. त्यात पॉलिफीमस मैदानात मेंढ्यांसकट येतो. मध्येच एक मेंढी उचलून खातो आणि त्याची ताकद भरून येते. म्हणजे मेंढपाळपण लढाईतच आलं.

त्याच गेममध्ये सिला ही समुद्रराक्षसीण आणि गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरन यांचा चक्क बँड आहे. सिला गाते, बाकीच्या गिटार आणि ड्रम वाजवतात. लढाईभर त्यांचं गाणं चालू असतं. ड्रमवालीला हरवलं की गाण्यातून ड्रम गळतो. सायरनचं शस्त्र गाणं आहे आणि आपण ते गाणंच एकेक वाद्य करून मोडत जातो. मी हेडफोन काढून पुन्हा घातला होता, खरंच ऐकतोय का म्हणून. टिपूर, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं पक्कं उत्तर हेच.

सांजवात

ग्रीक चित्रांत सायरन म्हणजे बाईचं तोंड असलेला पक्षी. माशाची शेपटी फार पुढे मध्ययुगात आली. पण वाद्य घेतलेले सायरन पक्षी जुन्या भांड्यांवर आहेत, त्यामुळे बँडची कल्पना मला मुळीच वावगी वाटत नाही. मुलाला सांगते दाखवायला.

लाल_डबा

धाग्याला एवढे फाटे फुटलेत की हायड्राच झालीय. टिपूर, आहात का?

टिपूर

आहे, आहे. सगळं वाचतोय, वही काढून बसलोय.

कोकणकडा यांच्या प्रतिसादापाशी आम्ही दोघं बराच वेळ थांबलो. दुसऱ्याने येऊन जखमेचा बंदोबस्त करायचा. आम्ही आतापर्यंत हेराक्लीसच्याच हातात मशाल आणि तलवार दोन्ही देत होतो. एक बटण कापायचं, एक जाळायचं. त्यामुळे ते दोन बटणांचं कंटाळवाणं काम होत होतं. आता वाटतंय की ही लढाई दोघांनी खेळायची करावी. एक जण कापणार, दुसरा जाळणार. कापल्यावर मान थोडा वेळ उघडी राहील, तेवढ्यात दुसऱ्याने पोचायचं, नाही पोचला तर दोन तोंडं. म्हणजे घाई करून भराभर कापणारा आपल्याच जोडीदाराला अडचणीत आणेल.

शतपावली, हे तुमच्या पहिल्या अडचणीतून सुटतं का?

शतपावली

सुटतं, आणि छान सुटतं. वार बसल्यावर वाईट होत नाही, वार बसल्यावर काम अर्धं होतं. खेळणारा लगेच जोडीदाराकडे ओरडणार, ‘अरे जाळ, जाळ!’ हे ओरडणंच तुमचं यश.

दुपटीला मात्र मर्यादा घाला. कॅमेऱ्यात मावतील तेवढीच तोंडं, त्यापुढे नवीन तोंड न उगवता असलेलं तोंड चिडेल. आणि बॉसच्या आधी एक साधी जागा ठेवा जिथे हा नियम मरणाच्या धोक्याशिवाय कळेल. एखादी वेल, कापली की दोन फांद्या फुटणारी, शेजारी पेटती शेकोटी. काही लिहू नका. लोक आपणच शिकतात.

एकट्याने खेळणाऱ्यासाठी आयोलाउस गेमने चालवावा. पण तो आपोआप जाळत सुटला तर लढाईतला जीव जाईल. त्याला हाक मारायला लावा, आणि त्याला यायला वेळ लागू द्या.

कोकणकडा

आणि खेकडा विसरू नका! हायड्राच्या मदतीला मोठा खेकडा येतो आणि हेराक्लीसच्या पायाला चावतो. तोच पुढे आकाशात कर्क राशीत गेला अशी कथा आहे. खेकड्याने पाय धरला की कापणारा जागचा हलू शकत नाही, जोडीदाराने सोडवायचं.

सांजवात

खेकडा जुन्या चित्रांतही आहे. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातल्या एका पाण्याच्या घागरीवर, साधारण इसवीसनपूर्व ५२० च्या आसपासच्या, हेराक्लीस, आयोलाउस आणि मध्ये वळवळणारी हायड्रा आहे, आणि खाली खेकडा. रंगसंगतीसाठी तुम्हा दोघांना तिचा उपयोग होईल, जरूर शोधून बघा.

शेवटचं अमर तोंड कसं संपवणार? गोष्टीत ते मरत नाही. हेराक्लीस ते कापून लर्नाहून एलायसला जाणाऱ्या वाटेच्या कडेला जमिनीत पुरतो आणि वर जड शिळा ठेवतो. मला वाटतं तसंच ठेवा. मारता न येणारी गोष्ट शिळेखाली जिवंत आहे, हे खेळणाऱ्याला माहीत असू दे.

रानमेवा

दोघांनी मिळून शिळा ढकलायची! तोवर ते तोंड चावत राहणार. ही माझ्या आवडीची भव्यता झाली, मी खेळणार.

बक्षीस काय देताय? गोष्टीत हेराक्लीस बाण हायड्राच्या विषात बुडवतो.

पाऊलखुणा

विषाचे बाण द्याच, पण किंमतीसकट. त्याच विषाच्या बाणाने चुकून कायरॉन जखमी होतो, जो सेंटॉरांमधला (अर्धे माणूस, अर्धे घोडे) शहाणा आणि सज्जन. त्याच विषाने नेसस हा दुसरा सेंटॉर मरतो आणि त्याच्या विषारी रक्ताने माखलेला अंगरखा शेवटी हेराक्लीसचा जीव घेतो. पहिल्या बॉसचं बक्षीस शेवटच्या प्रसंगात नायकावर उलटलेलं मी अजून कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही. तुम्ही करा.

अर्धविराम

आणखी एक. हेराक्लीसला एकेक अवघड काम लावून देणाऱ्या राजा युरिस्थिअसने हायड्रा मारण्याचं काम मोजायला नकार दिला होता, आयोलाउसची मदत घेतली म्हणून. लढाई जिंकल्यावर राजा म्हणू दे की हे धरणार नाही. दोघं खेळणारे जे भडकतील! आणि मग पुढच्या कामासाठी दोघंच एकत्र निघतील.

टिपूर

युरिस्थिअसचा प्रसंग घेतला. कायरॉनचाही घेतोय, त्यासाठी मधले दोन टप्पे नव्याने लिहावे लागतील, पण सोडवत नाही. सांजवात ताई, घागर सापडली, मित्र आत्ता तिच्यावरून हायड्राच्या माना काढतोय.

शतपावली, एकच शंका. उघडी मान किती वेळ उघडी ठेवू? आत्ता पाच सेकंद ठेवली आहेत.

शतपावली

आठपासून सुरू करा आणि पहिल्यांदा खेळणाऱ्या दोघांना शेजारी बसवून बघा. त्यांचं बोलणं ऐका, पडद्याकडे बघू नका. ओरडायला वेळ मिळत नसेल तर वाढवा. गप्पा मारायला लागले तर कमी करा.

बोरकूट

खेळून बघायला माणसं हवी असतील तर मी आणि माझी बहीण तयार आहोत. जाळायचं काम माझं.